चहाची धार

चहाची धार कपात पडली नाही. सत्यशीलाने किटली वाकवली तेव्हा ती कपाच्याच रोखाने निघाली होती, पण मधे काय बिनसलं कुणास ठाऊक, बशीच्या काठावर आपटून ती ओट्यावर पसरली आणि ओट्यावरून तिच्या पायाच्या अंगठ्यावर. चटका बसला, पण चटक्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती किटली धरलेल्या हाताकडे बघत होती. तो हलत होता. थंडीने हलावा तसा, बारीक, आपला आपण. आणि बाहेर तर एप्रिल होता, जालन्याचा एप्रिल, सकाळीच ओट्याची फरशी कोमट करून टाकणारा. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. हलणं थांबलं. सोडलं, पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या कुणाचा हात असता तर तिने त्याला बसायला सांगून पाणी दिलं असतं. स्वतःच्या हाताला काय सांगायचं ते तिला सुचेना.

मागे फरशी पुसणारी कौसल्या थांबली होती. कौसल्या रोज सकाळी येते, भांडी-फरशी करते आणि जाताना इमारतीतल्या बातम्या सांगून जाते. आज तिलाच बातमी मिळाली होती.

"आक्का, हात हलून राह्यला तुमचा."

"किटली जड आहे."

"किटली तर रोजचीच हे."

एवढं बोलून कौसल्याने फडकं पिळलं आणि ओटा पुसून घेतला. बाई मनाची चांगली. पण तिच्या मोबाइलमध्ये सुग्रीवचा नंबर होता, आणि तो सुग्रीवनेच घालून दिला होता. सुग्रीव म्हणजे सत्यशीलाच्या धाकट्या भावाचा, बिभीषणचा मुलगा. हे त्याचे आबा गेल्यापासून आत्याचं बघणारा तोच. केदारखेड्याला शेती करतो, थोडी मेंढरंही अजून आहेत. गेल्या महिन्यात सत्यशीलाने गॅसवर दूध ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. पातेलं जळून कोळसा झालं, धूर जिन्यात गेला, शेजाऱ्यांनी सुग्रीवला फोन लावला. तो मोटारसायकलवर आला, पंचनाम्याला आलेल्या हवालदारासारखा घरभर फिरला आणि म्हणाला, "आत्या, ह्या बारीला सोडून जातो. पुढच्या बारीला तुमचं काहीच ऐकणार न्हाई, उचलून नेईन." आज तो येणार होता. जीप घेऊन. काल फोनवर त्याने सहज सांगावं तसं सांगितलं होतं, "रेणुका बी यून राह्यली. सामान आवरायला बाईमाणूस बरं पडतं."

म्हणजे प्रश्न साधा होता. एका बाजूला अंबड चौफुलीजवळचा हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, गॅलरी, स्वतःची किल्ली, मनात आलं तर भाजी आणायला जाणं आणि नाही आलं तर दिवसभर कुणाशी न बोलणं. दुसऱ्या बाजूला केदारखेड्याची मागची खोली आणि तिथली खाट. सत्यशीलाची खात्री होती की सुग्रीव आधी हाताकडे बघेल. ती त्याला नेहमीसारखा चहा देईल, तो धारेकडे बघेल, आणि धार सरळ पडली तर तिचं पुढचं बोलणं ऐकून घेईल. सांडली तर मग तिने वेद म्हटले तरी उपयोग नाही. "मी करते ना च्या, पाव्हणे आले की," कौसल्या म्हणाली. पण ते जमण्यासारखं नव्हतं. या घरात चहा सत्यशीलानेच ओतायचा, दुसऱ्या कुणी ओतला तर सुग्रीवला तिथंच कळलं असतं.

खरं तर तिच्या चहाची नातेवाइकांत भरपूर बदनामी होती. ती कप कधीच भरत नसे. अर्ध्याच्या थोडा वर आणला की तिचा हात आपोआप थांबायचा. बिभीषणच्या लग्नात व्याह्यांना तिने असा चहा दिला आणि गावभर झालं, इंद्रभानची पोरगी विमानात कमावती पण हाताची चिक्कू हे. तिने कुणाला समजावलं नाही. कसं समजावणार? विमान हलतं, म्हणून कप भरायचा नसतो, हे हाताला एकदा कळलं ते कळलं. तो हात जमिनीवर आल्यावरही जमीन हलेल म्हणूनच ओतत राहिला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं. आणि आता जमीन जागच्या जागी होती, हलत होता तो हातच.

या हाताला वळण लावलं ते बापाने. इंद्रभान केदारखेड्यातून मेंढरं घेऊन निघाला तो दुष्काळाच्या एका वर्षी चारा शोधत पार हैदराबादेपर्यंत गेला, आणि तिथं विमानतळावर त्याला काम मिळालं. काम काय, तर धावपट्टीवर मेंढरं-बकऱ्या येऊ द्यायच्या नाहीत. साहेब लोकांनी शिपाई ठेवले होते, ते काठ्या घेऊन पुढून धावायचे आणि जनावरं नेमकी धावपट्टीवरच पसरायची. इंद्रभानने एकदा नुसतं कुंपणापलीकडून बघितलं आणि मागून जाऊन, तोंडाने आवाज करत, सगळा कळप बाहेर काढून दाखवला. मेंढरामागं चालायचं असतं, म्हेरबान, त्याने सांगितलं, पुढं चाललं की ते भितं. त्याच दिवशी नोकरी लागली. गावाकडे लोक चेष्टा करायचे, दुसरे उंटावरून शेळ्या हाकतात, आपला इंद्रभान इमानावरून हाकतो. सत्यशीला त्या कुंपणाशीच वाढली. विमान उतरायचं, दार उघडायचं आणि सगळ्यांत आधी दारात एक बाई दिसायची. वाऱ्याने तिचा पदर उडायचा आणि ती तो धरायचीसुद्धा नाही. शाळेतल्या मुली मोठेपणी काय व्हायचं ते सांगायच्या तेव्हा सत्यशीला गप्प बसायची, कारण तिला ते दार व्हावंसं वाटायचं की त्यातली बाई, हे तिचं तिलाच नक्की नव्हतं.

हवाई सुंदरीच्या मुलाखतीत ट्रे घेऊन चालून दाखवावं लागतं असं कळलं तेव्हा ते सगळे सुट्टीला गावी आलेले होते. बाप म्हणाला, "इमान हवेत हलतं म्हंत्यात. हवेत नेऊन शिकवायची आपली ऐपत न्हाई. ढेकळात चाल." आणि त्याने तिला नुकत्याच नांगरलेल्या रानात उतरवलं. हातात पितळी परात, परातीत काठोकाठ भरलेले पेले. या बांधापासून त्या बांधापर्यंत. पाय मुरगळायचे, पेले एकमेकांवर आपटायचे, पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. बाप बांधावर बसून एकच सांगायचा, पाण्याकडं बघू नको, बांधाकडं बघ. चार दिवसांत पाणी सांडायचं थांबलं. तोवर गावात पसरलं होतं की पोरीने कसलातरी कडक नवस बोललाय. दुर्गाबाई नावाची म्हातारी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन थेट ढेकळांत आली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पायावर डोकं टेकवलं आणि विचारलं, "कोण्या देवाचा हे गं माय?" बापाने तोंडावरची माशी हलू दिली नाही. म्हणाला, "लई वरच्या देवाचा." दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आपापल्या उपवर मुलींना घेऊन आल्या, यांनाही हा नवस चालंल का विचारायला. सत्यशीलाला आजही ते आठवलं की हसू येतं. आताही आलं, ओट्यापाशी उभी असताना, हाताकडे बघत. कौसल्याने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मग विमानातली ती वर्षं. ती कुणाला सांगायला गेली की लोक ढग कसे दिसतात ते विचारायचे. ढग कुणी बघितले? तिने माणसं बघितली. पट्टा लावायला लाजणारे शेठ, उलटी झाली म्हणून रडणारे फौजदार, टेकऑफच्या वेळी देवाचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून विमान थांबवा म्हणणारी एक आजी. ती नांदेडकडची होती. सत्यशीला मराठी बोलते म्हटल्यावर तिने गाठोड्यातून भाकरी-ठेचा काढून हातावर ठेवला. "लोकाला वाढणारी उपाशी असती, खाय," म्हणाली. सत्यशीलाने पडद्यामागे उभं राहून ती भाकरी खाल्ली, घाईघाईत, पदर सांभाळत. बापाप्रमाणे तीही मागून चालायची. बाप मेंढरं कधी मोजायचा नाही, नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, ती लंगडी कुठं गेली? तिलाही तसंच कळायचं, कुठल्या ओळीत कोण घाबरलंय, कुणाचं पाणी संपलंय, कोण उगाच बोलावतोय. उगाच बोलावणारे पुष्कळ असायचे. त्यांनाही ती चहा द्यायची, अर्धा कप, आणि धार कधी चुकली नाही.

आईला मात्र यातलं काही पटलं नाही. जयवंताबाईंना उडण्याची भीती नव्हती, परपुरुषांची तर मुळीच नव्हती. मेंढरांमागे रानोमाळ राहिलेली बाई, ती कुणाला भिणार? तिचं एकच म्हणणं होतं. "इमानात बस न्हाईतर वाघावर बस. पर लोकायचं उष्टं उचलती का न्हाई, तेवढं सांग." सत्यशीला म्हणाली, उचलते. आईने पदर झटकून डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "बाई घरच्याचं उष्टं काढती. परक्याचं न्हाई." "घरच्यांचं काढलं तर पगार कोण देतं?" सत्यशीलाने विचारलं होतं, तरुणपणी असतो तेवढ्या उद्धटपणे. आईने तो प्रश्न आयुष्यभर मनात ठेवला असावा. शेवटची दोन वर्षं ती याच फ्लॅटमध्ये होती, आतल्या खोलीतल्या खाटेवर. जेवण झालं की ती ताट हळूच खाटेखाली सरकवायची, लेकीच्या हाताला लागू नये म्हणून. सत्यशीला वाकून ते काढायची आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत. त्या वेळी तिला आईचा राग यायचा. आता येत नाही. आता तिला कळतं की ताट खाटेखाली सरकवणं ही आईची शेवटची ताकद होती आणि ती तिने रोज दोन्ही वेळा वापरली. केदारखेड्याच्या खोलीची तिला भीती होती ती एवढ्याचसाठी. खोली चांगली होती, माणसं चांगली होती. पण तिथं कुणीतरी तिच्यापुढचं ताट उचलेल, रोज, आणि तिने नुसतं बघायचं.

नुसतं बसायची तिला एकदा सवय करून बघायला लावली होती. पस्तिशी आली आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिला खाली आणलं. वजन वाढलं नव्हतं, हात हलत नव्हता, वय तेवढं झालं होतं. ऑफिसातला माणूस भला होता, म्हणाला, आता आराम, मॅडम, नुसतं बसायचं. औरंगाबादला तिकिटाच्या खिडकीमागे ती बसली ती रिटायर होईपर्यंत. लग्न केलं असतं तर नोकरी जाणार होती म्हणून लग्न केलं नाही, आणि उडणं थांबलं तेव्हा विचारणारे थांबले होते. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं ती स्वतःच हसून म्हणायची. हसताना वाईट वाटायचं. पण वाईट वाटणं आणि सोसवेनासं होणं यांत फरक असतो, आणि तिला सगळं सोसवलं होतं.

दुपारी तिने किटलीत पाणी भरलं आणि तालीम केली. कौसल्या घरी गेलीच नव्हती, समोर पाहुणी होऊन बसली होती, पदर नीट करून, अगदी गंभीर चेहऱ्याने. पहिला कप बराबर. दुसरा बराबर. तिसऱ्याला हात हलला आणि पाणी बशीत गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तिसऱ्यालाच.

"दोनच पाव्हणे हेत की," कौसल्या म्हणाली. "तुमचा झालाय म्हणा."

उपाय इतका सोपा होता की सत्यशीलाला लाज वाटली. पण तिने तो घेतला.

सुग्रीव आणि रेणुका आले तेव्हा उन्हं कलली होती. सुग्रीव आल्याआल्या पंख्याखाली बसला, रेणुका दाराजवळच्या खुर्चीवर, अर्धी टेकून. तिने मोबाइल हातातच धरला होता आणि सारखी त्यात बघत होती. "सासूबाईपाशी शेजारीण बसवून आल्ते," ती म्हणाली. सुग्रीवची आई सोनूबाई कित्येक वर्षं खाटेवर होती, हे सत्यशीलाला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि म्हणून त्यावर कुणी बोलत नसे. सत्यशीलाने ट्रे आणला. हाताकडे बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडे बघितलं. पहिली धार सरळ, बारीक, अर्ध्याच्या थोडी वर आणि थांबली. दुसरीही. थेंब नाही. तिच्या छातीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिने सुग्रीवकडे पाहिलं.

सुग्रीव खिडकीतून खाली बघत होता. जीप नीट लावली आहे की नाही ते.

"आत्या, दोरी आन् पोती आणलेत," तो म्हणाला. "कपाट मोठं हे, ते नंतर नेऊ. आज गादी आन् कपडे. जल्दी निघू, अंधाराच्या आत पोचायला पाहिजे."

त्याने हाताकडे बघितलंच नव्हतं. त्याला बघायचंही नव्हतं. तो ठरवून आला होता, आणि ती दिवसभर ज्या परीक्षेची तयारी करत होती ती परीक्षा कुणी घेणारच नव्हतं. सत्यशीला किटली धरून उभी राहिली. हात पुन्हा हलायला लागला आणि तिने तो हलू दिला.

"मी येते असं म्हणाले नव्हते, सुग्रीव."

"तुम्ही म्हणणारच न्हाई. म्हणून तर मी आलो." तो चिडलेला नव्हता, समजावत होता. "तिथं काय त्रास हे तुम्हाला? काहीच करायचं न्हाई. नुसतं बसायचं. च्यापाणी, जेवण, कपडे, समदं जागेवर. रेणुका हे ना."

रेणुका हसली. सत्यशीलाने ते हसू बघितलं आणि किटली खाली ठेवली. ते हसू तिला ओळखीचं होतं. तसं हसायला त्यांना विमानाच्या नोकरीत शिकवलं होतं, आरशासमोर उभं करून. पाय दुखत असोत, कुणी अंगचटीला येवो, तोंड असं ठेवायचं की समोरच्याला वाटावं हिला दुसरं काही करायचंच नव्हतं. त्या हसण्याचं एक असतं, ज्यांनी ते केलंय त्यांना ते लगेच दिसतं आणि बाकीच्यांना जन्मभर दिसत नाही. रेणुकाला कुणी शिकवलं नसेल. तिची ती शिकली असेल, स्वयंपाकघर आणि सासूची खाट यांच्यामधल्या त्या अरुंद वाटेत.

"तिला विचारलंस?"

"काय?"

"रेणुकाला. मी आले तर चालेल का, म्हणून."

"तिला काय इचारायचं? ती कधी न्हाई म्हणली का?"

"रेणुका, तू सांग. खरं सांग. मला राग येणार नाही."

रेणुकाचं हसू तसंच राहिलं, थोडा वेळ. मग ते कुठेतरी गेलं आणि तिचा चेहरा एकदम मोठ्या बाईचा दिसायला लागला. ती कपाकडे बघत बोलली.

"आत्याबाई, तुम्ही आल्या तर मी करीन. करीन म्हंजे बिलकुल करीन, काही कमी पडू देणार न्हाई. तुम्ही मला आवडता." ती थांबली. "पर मी लई थकले. सासूबाईला उठवायचं, धुवायचं, ढोरं, रान. रात्री पाठ टेकली तरी झोप लागत न्हाई. हे कोणाला सांगायचं? कोणी इचारलंच न्हाई."

पंखा फिरत होता. सुग्रीव बायकोकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग शोधला तरी सापडत नव्हता. धावपट्टीवर अचानक विमान दिसल्यावर कळपातलं एखादं मेंढरू थांबायचं, तसा तो थांबला होता. कौसल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

"ऐक," सत्यशीला म्हणाली. तिला वाटलं होतं हे बोलताना आवाज कापेल. तो कापला नाही. खराब हवेत माणसांना सांगायचा तो तिचा जुना आवाज होता, सावकाश, सगळ्यांना पुरेल एवढा. "माझा हात हलतो. आज सकाळी चहा सांडला, पाय भाजला. आता नाही सांडला, कारण दुपारभर पाणी ओतून तालीम केली. ते दूधही मीच विसरले होते. उद्या आणखी काही विसरेन. हे सगळं खरं आहे, आणि तरी मी इथंच राहणार आहे."

"अन् काही झालं तर?"

"होईल तेव्हा होईल."

"आबा जाताना म्हणले होते, आत्याला एकटी ठिवू नको. लोक मला काय म्हणतील?"

"लोक मला चिक्कू म्हणतात. त्याने कुणाचं काही अडलं नाही. एक किल्ली कौसल्याला देते. सकाळी येते तशी संध्याकाळीही येईल, गॅस ती बघेल. आजपासून स्वयंपाक तिचा, उष्टंही तीच काढेल." शेवटचं वाक्य बोलायला तिला जड गेलं.  "मला आवडणार नाही. पण मी शिकेन."

"मी येते की, आक्का," कौसल्या दारातूनच म्हणाली. "मला तर बराबर पडतं."

 सुग्रीवने उरलेला चहा पिऊन टाकला. तो दोन घोटांचाच होता. बाहेर कुठेतरी ट्रकने मोठा हॉर्न दिला, आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"बरं," तो म्हणाला. "ऱ्हा मंग हितं." आणि जरा वेळाने, कुणाकडेच न बघता, "मला म्हणायचं तरी."

हे तो रेणुकाला म्हणाला, ते दोघींनाही कळलं. मग तो उठला. सत्यशीलाला वाटलं, जीपकडे चालला. पण त्याने वाकून स्वतःचा कप उचलला, मग रेणुकाचा. दोन्ही एकाच हातात, बोटं कपांच्या आत घालून, आयुष्यात कधी उष्टं न उचललेला माणूस उचलेल तसे. कौसल्या दारातून बाजूला झाली. आत नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला, कपावर कप आपटला, पाणी बहुतेक त्याच्याच अंगावर उडालं असावं, कारण तो काहीतरी पुटपुटला.

रेणुका खुर्चीवरून अर्धी उठली. तिचे हात पुढे गेलेसुद्धा.

"बस," सत्यशीला म्हणाली, आणि तिच्या मनगटावर आपला हात ठेवला. हात हलत होता. रेणुका खाली बसली आणि तिने तो हलू दिला.